हॉर्मोनची पेलेट लावून घ्यावी का? मेडिकलच्या काउंटरवर विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत २६ वर्षं मेडिकल चालवतेय, बी.फार्म झालेय, डॉक्टर नाहीये हे आधीच सांगून टाकते. वय ५३, पाळी जाऊन चार वर्षं झाली, म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेय. मागच्या दिवाळीपासून आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, त्यात एक बाई सांगते की कमरेत दाणा बसवला आणि मी परत तिशीतली झाले, आणि तेव्हापासून दुकानात गर्दी कमी झाली की कुणीतरी हळूच पुढं येऊन विचारतंच, "ते पेलेटचं काय खरं ओ ताई?" तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पेलेट म्हणजे नक्की काय?

हॉर्मोनची पावडर दाबून केलेली छोटी कांडी. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा जाड. आत बहुतेक वेळा एस्ट्राडायोल (बायकांच्या एस्ट्रोजेन हॉर्मोनचा मुख्य प्रकार) नाहीतर टेस्टोस्टेरॉन, काही ठिकाणी दोन्हीच्या वेगवेगळ्या कांड्या. ती कातडीखाली ठेवली की हळूहळू विरघळते आणि तीन ते सहा महिने रक्तात हॉर्मोन सोडत राहते. हे काही कालचं खूळ नाही बरं का, बायकांना एस्ट्रोजेनच्या पेलेट लावायला १९३० च्या दशकाच्या शेवटी सुरुवात झाली होती. नवीन आहे ती फक्त जाहिरात.

लावतात कशी? ऑपरेशन आहे का?

मोठं ऑपरेशन नाही. कुल्ल्याच्या वरच्या बाजूला जागा बधीर करतात, बारीक चीर देतात, सुईसारख्या पोकळ नळीतून दाणे आत सरकवतात आणि वर चिकटपट्टी. पंधरा-वीस मिनिटांत बाई घरी. काही दिवस पोहायचं नाही, जड उचलायचं नाही, वाकून फरशी पुसायची नाही. (आमची एक गिऱ्हाईक म्हणाली, एवढ्यासाठी तरी लावून घेते.)

मला दोन महिने पाळी नाही आली, म्हणजे गेली का?

नाही. सलग बारा महिने आली नाही तर गेली असं धरतात. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं पाळी कधी पंधरा दिवसांत येते कधी तीन महिन्यांनी, आणि खरा त्रास बऱ्याचदा याच काळात होतो, वाफा, चिडचिड, झोप उडणं, सांधे आखडणं. आपल्याकडं सरासरी ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. चाळिशीच्या आत गेली तर त्याला वय झालं म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरकडं जायचंच. आणि दोन महिने चुकलेत ना, आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा. हसू नका, ४४ व्या वर्षी दोन रेघा आलेल्या मी इथं काउंटरवर बघितल्यात.

या वाफा येतात तरी कशानं?

माझ्या दुकानात इन्सुलिनचा फ्रीज आहे, त्याचा थर्मोस्टॅट बिघडला होता तेव्हा जरा दार उघडलं की कॉम्प्रेसर धडधडत सुरू व्हायचा. तसंच. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा असते, एस्ट्रोजेन कमी झालं की ती फार हळवी होते, अंग थोडंसं गरम झालं तरी तिला वाटतं आग लागली, मग कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल, मानेवर घाम, आणि दोन मिनिटांनी थंडी वाजते. एप्रिल-मेच्या सांगलीत बाहेर ४० डिग्री असताना आतूनही असं झालं की काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. आणि "वर्षभरात जाईल" असं सासूबाई म्हणतात ते प्रत्येकीचं खरं नसतं. अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून एक मोठा अभ्यास झाला, त्यात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या बायकांना सात वर्षांपेक्षा जास्त त्रास झाला होता.

मग पेलेटनं बरं वाटतं का?

वाटतं. खोटं कशाला बोलू. एस्ट्रोजेन हे वाफांवरचं सगळ्यात गुणकारी औषध आहे आणि पेलेटमध्ये तेच आहे, त्यामुळं व्हिडिओतली बाई खोटं बोलत असेलच असं नाही. पण तेच एस्ट्राडायोल गोळीत मिळतं, जेलमध्ये मिळतं, आणि त्यानंही तेवढंच बरं वाटतं. हे कुणी व्हिडिओ काढून सांगत नाही कारण जेल चोळण्यात बघण्यासारखं काय आहे.

मग अडचण कुठं आहे?

अडचण ही की आत गेलेली पेलेट परत बाहेर येत नाही.

जरा सविस्तर सांगते कारण सगळं इथंच आहे. गोळी घेऊन डोकं दुखलं, छाती भरून आली, तर उद्या सकाळी घ्यायची नाही, दोन-चार दिवसांत परिणाम ओसरतो. जेल जास्त झालं तर एक पंप कमी करायचा. माझ्याकडं बायका येतात, "ताई हे नको वाटतंय" म्हणतात, मी म्हणते थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. पेलेटला थांबवायची सोयच नाही. ती विरायला लागली की शोधून काढणं जवळजवळ अशक्य, तीन-चार महिने जे होईल ते सोसायचं. त्यात रक्तातली पातळी सुरुवातीला फार वर जाऊ शकते आणि शेवटाला खाली येते. काही बायकांना सवय अशी लागते की पातळी अजून वर असतानाच वाफा परत सुरू होतात, मग पुढची पेलेट लवकर, मग अजून लवकर, आणि आकडा चढतच जातो. इंग्लंडमध्ये पूर्वी एस्ट्रोजेनचे इम्प्लांट सर्रास वापरायचे तेव्हा डॉक्टरांनी हे बघून लिहून ठेवलंय.

दुसरी गोष्ट मला फार्मासिस्ट म्हणून खटकते. अमेरिकेत बायकांच्या मेनोपॉजसाठी, म्हणजे पाळी जाण्याच्या त्रासासाठी, एकही पेलेट एफडीएनं (औषधं मंजूर करणारं तिथलं सरकारी खातं) मंजूर केलेली नाही, टेस्टोस्टेरॉनची एक आहे ती पुरुषांसाठी. बायकांना लावतात त्या कंपाउंडिंग फार्मसीत, म्हणजे चिठ्ठीप्रमाणं औषध मिसळून बनवून देणाऱ्या दुकानात, बनवलेल्या असतात, तिथं कारखान्यातल्या औषधासारखी आधी हजारो लोकांवर चाचणी, मग मंजुरी असं काही होत नाही. खोक्यात घडी घालून तो लांबलचक कागद असतो ना, जो तुम्ही उघडून फेकून देता, ज्यावर सगळे साइड इफेक्ट लिहिलेले असतात, तो कागद या पेलेटसोबत देणं तिथं बंधनकारक नाही. कागद वाचत कुणी नाही हे मान्य, पण तो असणं म्हणजे कुणीतरी त्या औषधाची जबाबदारी घेतली असणं. २०२० साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या संस्थेनं अशा कंपाउंड हॉर्मोनचा अभ्यास करून सांगितलं की यांचा वापर मर्यादित ठेवावा, आणि पेलेटचं नाव त्यात मुद्दाम घेतलं. तिथल्या मेनोपॉज सोसायटीचंही म्हणणं तेच, मंजूर औषधं असताना कंपाउंड नको.

शिवाय चिरेची जागा पिकणं, काळंनिळं पडणं, दाणा आपोआप बाहेर येणं हे आहेच.

बायकांना टेस्टोस्टेरॉन कशाला? ते तर पुरुषांचं ना?

बायकांच्या शरीरातही असतं, ओव्हरीत आणि किडनीवरच्या ग्रंथीत तयार होतं, फक्त पुरुषांच्या मानानं खूप कमी. आणि ते पाळी गेल्या दिवशी धपकन पडत नाही, विशीनंतर वयासोबत हळूहळू उतरत असतं. २०१९ साली जगभरातल्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र बसून एक निवेदन काढलं, त्यात म्हटलंय की पाळी गेलेल्या बाईला शरीरसंबंधाची इच्छाच राहिली नाही आणि तिला स्वतःला त्याचा त्रास होतोय, एवढ्या एकाच कारणासाठी टेस्टोस्टेरॉनला पुरावा आहे. शक्ती यावी, वजन उतरावं, डोकं तल्लख व्हावं यासाठी नाही. आणि ज्यानं पातळी बाईच्या नेहमीच्या पातळीच्या वर जाते अशा पेलेट-इंजेक्शनची शिफारस करत नाही असंही त्यात स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियानं २०२० मध्ये खास बायकांसाठी कमी डोसचं क्रीम मंजूर केलं, म्हणजे बाईला टेस्टोस्टेरॉन देऊच नये असंही कुणी म्हणत नाही, मापात द्या म्हणतात.

माझी आतेबहीण टेक्सासला असते. वाफा सोसवेनात म्हणून तिथल्या एका क्लिनिकमध्ये गेली, एस्ट्रोजेनसोबत टेस्टोस्टेरॉनच्या पेलेट लावल्या, ४०० डॉलर मोजले. पहिला महिना मस्त. तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर राठ केस, गालावर मुरुमं, डोक्यावरचे केस मूठभर गळायला लागले, आणि फोनवर मला वाटलं तिला सर्दी झालीय इतका आवाज घोगरा. क्लिनिकवाले म्हणाले थांबा, उतरेल. मुरुमं गेली, केस थोडे आले. आवाज नाही आला. ती चांगली भजनं म्हणायची, आमच्या घरच्या गणपतीत व्हिडिओ कॉलवरून आरती तिचीच असायची, आता वरच्या पट्टीला पोचत नाही. जाड झालेला आवाज बऱ्याचदा कायमचा राहतो हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पण ते "बायोआयडेंटिकल" आहे ना, म्हणजे नॅचरल?

बायोआयडेंटिकल म्हणजे रेणूची रचना आपल्या शरीरातल्या हॉर्मोनसारखी हुबेहूब. एवढंच. ते सोयाबीन किंवा एका जंगली कंदातला पदार्थ घेऊन लॅबमध्ये बनवतात, झाडाला लागत नाही. आणि मंजूर एस्ट्राडायोल जेल, मायक्रोनाइज्ड (बारीक दळलेल्या) प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भपिशवीचं अस्तर सांभाळणाऱ्या हॉर्मोनची, कॅप्सूल हेही बायोआयडेंटिकलच आहे. तेव्हा या शब्दासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. अफूही नॅचरल असते.

हॉर्मोननं ब्रेस्ट कॅन्सर होतो ना? आमचे फॅमिली डॉक्टर तर नावच काढू देत नाहीत.

ही भीती आली २००२ सालच्या एका अभ्यासातून. अमेरिकेत साधारण १६,६०० बायकांवर तो चालू होता, त्या जुलैत मध्येच थांबवला आणि जगभर पेपरात मथळे झाले. त्यात बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेली, आणि औषध होतं जुन्या पद्धतीचं एस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जागी कृत्रिम प्रोजेस्टिन. ब्रेस्ट कॅन्सर वाढला हे खरं, पण किती? १०,००० बायकांनी वर्षभर घेतलं तर ८ केसेस जास्त. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना नुसतं एस्ट्रोजेन दिलं त्यांच्यात तर ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही. आता सगळीकडं मानतात ते असं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, तब्येत बाकी धड असलेल्या बाईनं सुरू केलं तर फायदा धोक्यापेक्षा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या औषधांवरचा काळ्या चौकटीतला जुना इशारा बराचसा काढायचं जाहीर केलं. पण नीट ऐका, हे सगळं मंजूर औषधांबद्दल आहे. पेलेट विकणारे याच बातमीचा स्क्रीनशॉट लावतात तेव्हा दुसऱ्याच्या मार्कशीटवर ॲडमिशन मागतायत असं समजा.

माझी पिशवी काढलीय ३४ व्या वर्षीच. मला काय लागू होतं?

हा प्रश्न आपल्या भागात फार येतो आणि मला याचं वाईटही वाटतं आणि रागही येतो. अंगावरून जातं म्हणून, "पुढं कॅन्सर होईल" अशी भीती घालून तिशीतच पिशव्या काढलेल्या बायका तासगाव, विटा, जत कुठल्याही गावात भेटतील. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, त्याच टोळ्या दर सीझनला आपल्या कारखान्यांच्या फडात उतरतात.

आधी घरातली जुनी फाईल काढा आणि डिस्चार्ज कार्डवर बघा, नुसती पिशवी काढलीय की ओव्हरीही काढल्यात. दोन्ही ओव्हरी काढल्या असतील तर हॉर्मोन एका दिवसात बंद झालेत, त्रास जास्त होतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अशा बाईला कमी वयात हॉर्मोन देणं ही चैन नाही, गरज आहे, आणि दुसरी अडचण नसेल तर निदान पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत द्यावं असंच डॉक्टर मानतात. तिला वर्षानुवर्षं कुणी सांगितलेलंच नसतं, ती बापडी कॅल्शियमच्या गोळ्या आणि कंबरदुखीचं मलम नेत राहते. ओव्हरी ठेवल्या असतील तर पाळी नसल्यामुळं मेनोपॉज कधी आला ते कळत नाही, तेव्हा रक्तातलं एफएसएच (ओव्हरी थकल्या की वाढणारं हॉर्मोन) बघायला अर्थ आहे.

पिशवी आहे. नुसती एस्ट्रोजेनची पेलेट चालेल?

अजिबात नाही. नुसत्या एस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. एफडीएनं इतर इशारे काढायचं ठरवलं तरी नुसत्या एस्ट्रोजेनवरचा हा इशारा तसाच ठेवलाय, यावरून काय ते ओळखा. आणि पेलेट विरत आली, वाफा परत आल्या, म्हणजे एस्ट्रोजेन संपलं असं धरून प्रोजेस्टेरॉन बंद करू नका, आत अजून झिरपत असू शकतं.

कुणी हॉर्मोन घेऊच नये?

ब्रेस्ट कॅन्सर झालेला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती, हार्ट अटॅक, पॅरालिसिस, लिव्हरचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. यातलं काही असेल तर आधी स्पष्ट सांगा. बीपी-शुगर आहे म्हणून आपोआप नाही असं नसतं, पण डॉक्टर बहुधा गोळीऐवजी जेलकडं वळतात, कारण कातडीतून जाणाऱ्या एस्ट्रोजेननं गाठीचा धोका वाढल्याचं दिसत नाही, गोळीनं थोडा वाढतो. आणि मिश्री लावत असाल तर तेही सांगा. बायका "मला कसलंच व्यसन नाही" म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ तर्जनीनं दातांवर तंबाखूच घासत असतात.

आपल्याकडं मग काय मिळतं?

एस्ट्राडायोलची गोळी, एस्ट्राडायोलचं जेल, मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० आणि २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, टिबोलोन (हॉर्मोनसारखं काम करणारी गोळी), आणि खालच्या कोरडेपणासाठी एस्ट्रिऑलचं क्रीम. सगळं चिठ्ठीवर. सगळं दुकानात असेलच असं नाही पण मागवलं की येतं.

त्या क्रीमबद्दल दोन शब्द जास्त, कारण ते मागायला बायका सगळ्यात जास्त लाजतात, चिठ्ठी घडी करून देतात आणि पेपरात गुंडाळून नेतात. खाली कोरडं पडणं, आग, संबंधात दुखणं, सारखं लघवीचं इन्फेक्शन, हे वाफांसारखं आपोआप जात नाही, वाढतच जातं. क्रीम जागच्या जागी काम करतं, रक्तात अगदी कमी जातं. सत्तरीच्या एका मावशींचं दर दोन महिन्यांनी लघवीच्या इन्फेक्शनचं अँटिबायोटिक चालायचं, मिरजेच्या लेडी डॉक्टरनं क्रीम दिलं आणि माझा तो धंदा बंद झाला. त्या येतात अजून, भडंग घेऊन.

पेलेटआधी लाळेची नाहीतर हॉर्मोनची मोठी टेस्ट करायला सांगतात ती करू?

४५ च्या पुढं लक्षणं आणि पाळीची तारीख पुरते, या वयात हॉर्मोन रोज वरखाली होत असतात, आज काढलेला आकडा उद्या खोटा. लाळेच्या टेस्टवरून डोस ठरवायला तर काही आधार नाही. थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर मात्र बघा, थकवा आणि घामाचं कारण बऱ्याचदा तिथंच सापडतं.

हॉर्मोन नकोच असेल तर?

वाफांसाठी डिप्रेशनच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये देतात, गॅबापेन्टिन देतात, ती बघून "मला वेडी समजलात का" म्हणून भांडायला येऊ नका, त्यांनी वाफा खरंच कमी होतात. अमेरिकेत २०२३ मध्ये फेझोलिनेटंट नावाची बिगरहॉर्मोनची गोळी मंजूर झाली, ती मेंदूतल्या त्या थर्मोस्टॅटवरच काम करते, पण लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. बाकी वजन आटोक्यात, रात्री सुती कपडे, संध्याकाळनंतर चहा नको. हाडांसाठी चालणं आणि थोडं वजन उचलणं, दूध आणि नाचणी, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शतावरी कल्प मी विकते, भरपूर खपतो, पण शुगर असेल तर डब्यावर साखर किती लिहिलीय ते आधी वाचा.

मी लावून घेतलीय ओ, मुलाकडं गेले होते तेव्हा. आता काय करू?

घाबरू नका. तिथल्या क्लिनिककडून कशाची पेलेट, किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेला हे लिहून मागवा, फोटो चालेल. ते घेऊन इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, लपवू नका. पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन चालू आहे का ते पहिलं बघा. आवाज जड वाटला, हनुवटीवर केस आले तर पुढची लावायची नाही. आणि वाफा परत आल्या की तिकडं फोन करून "पुढची कधी" विचारायच्या आधी इथं जेल मिळतं हे आठवा.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि काल थोडं लाल दिसलं. पेलेटमुळं असेल का? थांबून बघू?

थांबून बघायचं नाही. पेलेट असो, गोळी असो, काही नसो, वर्षभर बंद असलेली पाळी "परत आली" असं कधी समजायचं नाही, थेंबभर दिसलं तरी या आठवड्यात सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघून घ्यायची, गरज पडली तर तुकडा काढून तपासतात. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. ज्यांचं साधं नसतं त्यांचंही लवकर सापडलं तर बरं होतं. पैशाची अडचण असेल तर सांगलीचं नाहीतर मिरजेचं सिव्हिल आहे, आणि सोबत यायला कुणी नसेल तर गुरुवारी दुपारी माझं दुकान बंद असतं, सांगा मला.